सोमवारचं शटर

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
पोवारशेठकडनं मी किल्ली मागून घेतो,
शटर कमरेएवढं उचलतो,
वाकून आत शिरतो
आणि आतून परत खाली ओढतो.

खोलीत जा, दार लाव, असं सांगितलंय आम्हाला.
विक्रमनगरात माझी दीड खोली, माणसं सहा,
आतल्या दाराच्या जागी सुवार्तानं शिवलेला पडदा,
भिंतीपलीकडं शेजारच्यांची सिरियल.
म्हणून हे शेड.
तीन लेथ, एक ड्रिल,
कूलंटचा आंबूस वास,
पायाखाली निळा पडलेला लोखंडाचा कीस.

रविवारी मी बोलतो.
"तीमथीभाऊ, प्रार्थनेत चालवा," पाळकसाहेब म्हणाले
की देवळातले पंखेसुद्धा हळू होतात.
हे दयाघना, हे कृपासागरा,
एकेक शब्द पॉलिश मारलेला.
सीपीआरमध्ये खाटेवर पडलेली मिल्कामावशी,
दहावीला बसलेली पोरं,
पाऊसपाणी, सरकार, सीमेवरचे जवान,
कुणी म्हणून सुटत नाही.
बायका डोळे पुसतात.
बाहेर आल्यावर म्हातारे समुद्रे खांद्यावर हात ठेवतात,
"पोरा, तुझ्या तोंडात मध हाय."

मध आहे खरा.
आणि तो कशाकशाला चिकटतो ते मलाच ठाऊक.

पहिल्या सोमवारी इथं गुडघे टेकले
तेव्हा सुरुवात तशीच केली:
हे दयाघना...
आणि पत्र्याला आपटून ते माझ्याच कानात आलं.
कुणाला ऐकवत होतो?
तीन लेथ, एक ड्रिल.
लाज वाटली. गप्प बसलो.

जॉब किती हलतोय
ते मशीन चालू असताना दिसत नाही.
वेगात सगळंच गोल दिसतं.
मशीन बंद करावं लागतं,
डायल लावून
चक हातानं फिरवायचा, सावकाश, श्वास धरून.
मग काटा थरथरतो,
दोन घरं इकडं, तीन घरं तिकडं.

चौथ्या की पाचव्या सोमवारी
तोंडातनं एक नाव पडलं.
शलमोन.
रविवारच्या यादीत ते नसतं.
तीन वर्षं झाली, गोव्याकडं कुठंतरी आहे म्हणतात.
त्याची बॅग मी जिन्यावरनं खाली फेकली होती,
चेन तुटली
आणि आतनं माझाच जुना स्वेटर बाहेर आला.
मंडळीला एवढंच माहीत:
नोकरीनिमित्त बाहेर असतो.

नावापुढं काही सुचेना.
क्षमा कर म्हणावं, तर कुणाला, त्याला की मला,
तेही ठरेना.
नुसतं नाव. परत नाव.
शटरला एक भोक आहे, त्यातनं ऊन येतं रुपयाएवढं.
ते सरकत सरकत वाइसपर्यंत गेलं
तेव्हा कळलं, दोन तास झाले,
आणि इतका वेळ कुणीतरी ऐकत होतं,
मध्ये एक शब्द न बोलता,
सगळं आधीच ठाऊक असलेलं.

त्याचा फोन आला नाही.
खोटं कशाला सांगू, मी काही साक्ष द्यायला उभा नाही.
फक्त गेल्या रविवारी माझं नाव पुकारलं
तेव्हा प्रार्थना चार ओळींतच संपली.
पंखे आपले फिरत राहिले.
समुद्रे काही म्हणाले नाहीत.

किल्ली परत द्यायला गेलो की पोवारशेठ विचारतात,
"सोमवारचं काय काम काढलंयस रं?"
"एक जॉब राहिलाय."
"झाला का?"
"न्हाई अजून. सेंटर मिळेना."

घरी पँटच्या गुडघ्यांवर तेलाचे दोन गोल डाग.
सुवार्ता रॉकेल लावून चोळते,
डाग फिकट होतात, जात नाहीत.
कुठं गेला होता, असं तिनं कधी विचारलं नाही.
काल मात्र हात पुसता पुसता
खुंटीवरच्या किल्लीकडं बघत म्हणाली,
"एखादा सोमवार मला द्या."